अ‍ॅट्रोपिन का द्यावंसं वाटलं?

स्क्रीनवर केस उघडते. मुलगा, वय आठ. पावसाआधी लाकूडफाटा आत घेताना बोटाला काहीतरी चावलं, त्याला पाऊण तास झालाय. दोन उलट्या झाल्या. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ गळतेय, हातपाय गार पडलेत. चावल्या जागी फारसं दुखत नाही, असं तो म्हणतो. खाली प्रश्न: आता काय द्याल?

बीएस्सी नर्सिंग नुकतंच पूर्ण केलेली, उपकेंद्रावर रुजू होण्याच्या बेतात असलेली विद्यार्थिनी जरा विचार करते आणि ‘अ‍ॅट्रोपिन’वर बोट ठेवते.

नेहमीची ऑनलाइन चाचणी इथे लाल फुली दाखवील, ‘योग्य उत्तर: प्राझोसिन’ असं सांगेल आणि पुढच्या प्रश्नावर जाईल. विद्यार्थिनी ते उत्तर वहीत उतरवून घेईल आणि परीक्षेपर्यंत लक्षातही ठेवील. पण तिला अ‍ॅट्रोपिन का सुचलं, हे कुणी विचारलेलंच नसतं. खरी मेख तिथेच आहे. घाम, लाळ, उलट्या हे त्रिकूट तिने याआधी कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाच्या धड्यात पाहिलेलं आहे, आणि तिथे अ‍ॅट्रोपिनच द्यायचं असतं. म्हणजे ती अंदाजाने बोलली नव्हती. तिने विचार केला होता, फक्त चुकीच्या आजाराचा.

ज्याला ‘बुद्धिमान शिकवणी प्रणाली’ म्हणतात, ती या ठिकाणी वेगळी वागते. ती उत्तर सांगत नाही, उलट विचारते: “अ‍ॅट्रोपिन का द्यावंसं वाटलं? कीटकनाशकाची शंका आली का? मग मुलाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या कशा दिसायला हव्यात?” विद्यार्थिनीला आठवतं: सुईच्या टोकाएवढ्या. प्रणाली केसमधली पुढची नोंद उघडते: बाहुल्या मोठ्या आहेत, रक्तदाब वाढलेला आहे. ‘आता सांगा, अ‍ॅट्रोपिनने नाडीचं काय होईल?’ दोन मिनिटांत ती स्वतःच म्हणते की आधीच ताण आलेल्या हृदयाला यामुळे आणखी पळवल्यासारखं होईल.

हा संवाद नमुन्यादाखल रचलेला असला, तरी त्यातलं वैद्यक खरं आहे. एवढंच नव्हे, तर ते रायगड जिल्ह्यातच घडलेलं आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, त्यातही मुलं, काही तासांत छातीत पाणी भरून दगावताना त्यांनी पाहिली. पाठ्यपुस्तकात यावर धड काही नव्हतं. ते रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. उलटी, घाम, गार हातपाय ही लक्षणं आली की हृदयावर संकट येतंय, हे त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली मांडलं. विंचवाच्या विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला प्रचंड विरोधाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. तो आवळ सोडवणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. त्यावरचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकाला परिचित आहेच.

चावल्या जागी मरणाचं दुखतंय आणि बाकी काही नाही, तर बहुधा घाबरण्याचं कारण नाही. दुखणं कमी आणि घाम, उलट्या जास्त, तर मात्र घड्याळ पाहायला लागा. बावस्करांच्या नोंदींमधून निघालेला हा उलटा वाटणारा नियम आज वैद्यकात मान्य आहे. पण मान्य असणं वेगळं आणि रोहा तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रावर रात्री एकट्या असलेल्या नव्या आरोग्य अधिकाऱ्याच्या डोक्यात तो योग्य क्षणी जागा होणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर पुस्तकाने, व्याख्यानाने आणि पीडीएफने किती कापलं जातं, हे शिकवणाऱ्यांना चांगलंच माहीत असतं.

पेण आणि रोहा दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयं आहेत. पेण मुंबई-गोवा महामार्गावर, रोहा मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते त्या टोकावर. नकाशावर हा भाग मुंबईला खेटून दिसतो. प्रत्यक्षात पेणच्या पश्चिमेला खाडीलगतचा खारेपाट आहे, पूर्वेला डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत, रोह्याला कुंडलिकेकाठी धाटावची रासायनिक वसाहत आहे. एकाच आरोग्य सेविकेपुढे एका आठवड्यात भातलावणीनंतरचा लेप्टोचा ताप, वाडीतलं कमी वजनाचं बाळ आणि डोळ्यात रसायन उडालेला कामगार येऊ शकतो. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पनवेल तालुक्यात कामोठ्याला १९८९ पासून एमजीएमचं महाविद्यालय आहे. म्हणजे जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षक आहेत. पण जो उपकेंद्रात बसलाय, त्याच्या शेजारी ते बसू शकत नाहीत.

आयुष्मान भारत योजनेतून २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. सगळे त्यांना ‘सीएचओ’ म्हणतात. महाराष्ट्रात यांतले बरेच बीएएमएस झालेले, बाकीचे नर्सिंगचे. त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम असतो, आणि पुढे नोकरीत असताना प्रशिक्षणांचा रतीब चालूच असतो. त्यातला मोठा हिस्सा २०२०च्या मार्चनंतर मोबाइलवर आला. टाळेबंदीत मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळ्यांचेच वर्ग झूमवर गेले. कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरी लागली की चुलीवर भात ठेवायला मोकळे! शिक्षक तळमळून शिकवत होते, हे खरं. पण समोर कोण काय समजलं, हे कळायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं.

व्हिडिओ वाईट नसतो. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातून डॉ. रूपल दलाल यांनी आरोग्य आणि पोषणाचे धडे तयार केले आहेत. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते फुकट पाहता येतात. आईने बाळाला कसं आडवं धरावं, बाळाने नुसतं स्तनाग्र न धरता भोवतालचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात कसा घ्यावा, हे त्यात इतकं बारकाईने दाखवलंय की अनेक नामांकित रुग्णालयांतही ते तसं सांगितलं जात नाही. पण धडा पाहून झाल्यावर एखादी सिस्टर बाळाचं डोकं मागून दाबून धरत असेल, तर व्हिडिओला ते दिसत नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, इतकंच.

यंत्राने विद्यार्थ्याकडे पाहावं, ही कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत १९७० साली हाइमे कार्बोनेल यांनी ‘स्कॉलर’ नावाची प्रणाली तयार केली. विषय होता दक्षिण अमेरिकेचा भूगोल. प्रणाली विद्यार्थ्याला प्रश्न विचारायची आणि विद्यार्थीही तिला उलट विचारू शकायचा. त्या काळात हेच मोठं नवल होतं.

वैद्यकात ही गोष्ट एका फसलेल्या अपेक्षेतून पुढे सरकली, आणि ती सांगण्याजोगी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ ही प्रणाली बांधली होती. रक्तातला जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांत कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे ती साडेचारशेच्या वर नियमांच्या आधारे सांगायची, आणि चाचण्यांत तिचा सल्ला तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरला. मग विल्यम क्लॅन्सी यांना वाटलं की एवढं ज्ञान आयतं आहे, तर त्यातून विद्यार्थ्यांना शिकवायला काय हरकत आहे? त्यांनी मायसिनच्या नियमांवर ‘गायडन’ नावाची शिकवणी प्रणाली उभी केली आणि लगेच भिंतीवर आदळले.

नियम होता: रुग्ण आठ वर्षांखालचा असेल, तर टेट्रासायक्लिन देऊ नये. बरोबर नियम. पण विद्यार्थ्याने विचारलं, “का?” तर मायसिनकडे उत्तर नव्हतं. टेट्रासायक्लिन वाढत्या दातांतल्या कॅल्शियमला चिकटतं, दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात, म्हणून लहान मुलांत टाळायचं, ही साखळी नियमातून गायबच होती. तज्ज्ञाने नियम लिहिताना ती गाळली होती, कारण त्याला ती सांगायची गरजच वाटली नव्हती. कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणता नंतर, हेही नियमांच्या क्रमात दडलेलं होतं, कुठेही उघड लिहिलेलं नव्हतं. निदान करायला पुरेसं असलेलं ज्ञान शिकवायला अपुरं पडलं. क्लॅन्सींनी पुढे सगळी मांडणी नव्याने केली.

आपल्याकडे कुणी स्वस्तात अशी प्रणाली करून देतो म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: यात ‘का’ कुठे आहे?

शिकागोची ‘सर्कसिम-ट्यूटर’ ही त्यानंतरची गाजलेली प्रणाली. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या मार्था इव्हन्स आणि रश मेडिकल कॉलेजातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जोएल मायकल आणि अ‍ॅलन रोव्हिक यांनी ती मिळून केली. विषय एकच, आणि तोही चिमूटभर: रक्तदाब अचानक बिघडला तर शरीर तो कसा सावरतं. विद्यार्थ्याला सात गोष्टींबद्दल भाकीत करायचं असतं: नाडीची गती, हृदयाच्या दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, रक्तवाहिन्यांचा विरोध वगैरे. प्रत्येक वाढेल, कमी होईल की तशीच राहील? तेही तीन टप्प्यांत: बिघाड झाला त्या क्षणी, शरीराने प्रतिकार केल्यावर आणि सगळं स्थिरावल्यावर. बहुतेक पोरं एका ठरावीक जागी घसरतात. त्यांना वाटतं की शरीराने सावरलं म्हणजे रक्तदाब पूर्ववत झाला. खरं तर तो पूर्णपणे मूळ पदावर येत नाही. प्रणाली भाकितांचा तक्ता पाहून नेमकी ही समजूत ओळखते आणि तेवढ्यावरच टंकलेल्या संभाषणातून बोलते. हे संभाषण कसं असावं, हे ठरवण्यासाठी मायकल आणि रोव्हिक यांनी आपल्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या दोन टोकांना बसून टायपिंग करत शिकवलं, आणि ती संभाषणं शब्द न् शब्द तपासली गेली. चांगला शिक्षक कधी गप्प बसतो, हेसुद्धा त्यातूनच कळलं.

अशा प्रणालीत ढोबळमानाने चार कप्पे असतात. विषयाचं ज्ञान, विद्यार्थ्याला काय येतं आणि काय नाही याचा सतत बदलणारा अंदाज, शिकवायची रीत, आणि समोर दिसणारा पडदा. पैसा बहुतेक वेळा चौथ्या कप्प्यावर उधळला जातो. कस दुसऱ्याचा लागतो.

दुसरा कप्पा म्हणजे काय, ते बालन्यूमोनियाच्या उदाहरणातून चटकन कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार खोकला असलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला किती झाले म्हणजे ‘जलद’, हे वयावर ठरतं. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने फारसं न शिकलेल्या बायकांनाही हे मोजता यावं म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वासमापक केलं होतं, कारण आकडे पाठ करण्यातली अडचण त्यांनी ओळखली होती. आता समजा, एका विद्यार्थिनीने दहा महिन्यांच्या, ४६ श्वासांच्या बाळाला ‘जलद’ म्हटलं आणि सहा आठवड्यांच्या, ५४ श्वासांच्या बाळालाही ‘जलद’ म्हटलं. दोन प्रश्न, दोन चुका. साधी चाचणी तिला शून्य गुण देईल. बुद्धिमान प्रणालीला मात्र दिसतं की ही मुलगी सगळीकडे ४०चीच मर्यादा लावतेय. तिला श्वास मोजता येतात, फक्त वयाचा रकाना ती पाहत नाही. उपाय एका ओळीचा आहे. दुसरी एखादी विद्यार्थिनीही दोन प्रश्नांत चुकली, पण तिची उत्तरं दर वेळी वेगळ्या दिशेला जातात, तर तिला निकषच पाठ नाहीत, किंवा ती अंदाजपंचे दाहोदरसे करतेय. गुण तेवढेच, पण शिकवणी अगदी निराळी.

हा अंदाज बांधायची एक नावाजलेली गणिती रीत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९०च्या दशकात मांडली. प्रत्येक कौशल्यासाठी चार संभाव्यता धरायच्या: आधीपासून येत असण्याची, सरावातून शिकण्याची, येत नसताना ठोकताळ्याने बरोबर येण्याची आणि येत असूनही हात घसरून चुकण्याची. प्रत्येक उत्तरानंतर आकडा हलतो. एकदा बरोबर आलं म्हणून प्रणाली पाठ थोपटत नाही, एकदा चुकलं म्हणून पहिलीच्या वर्गात बसवत नाही. पेण परिसरातल्या हमरापूर, जोह्याच्या गणपती कारखान्यांत नवा पोरगा डोळ्यांची आखणी शिकत असतो, तेव्हा जुना कारागीर असंच करतो. रेघ वाकडी गेली तर ओरडत नाही, दोन-चार मूर्ती बघतो. हात थरथरतोय की नजर चुकतेय, हे कळल्यावरच बोलतो.

याने खरंच फरक पडतो का? शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मोठा गाजावाजा झालेलं विधान केलं होतं, की एकाला एक शिक्षक मिळाला तर सर्वसाधारण विद्यार्थी वर्गातल्या ९८ टक्के पोरांच्या पुढे जातो. पुढे २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले. फरक आहे, पण इतका नाही, असं त्यांना आढळलं. शंभरांत पन्नासाव्या जागी असलेला विद्यार्थी माणसाच्या शिकवणीने साधारण अठ्ठ्याहत्तराव्या जागी जातो. आणि चांगल्या बुद्धिमान प्रणालीने? जवळपास तितकाच. ब्लूम यांचा आकडा अजूनही भाषणांत फेकला जातो, म्हणून हे सांगितलेलं बरं.

आरोग्यशिक्षणातली अलीकडची एक चाचणी ऑनलाइन शिकणाऱ्यांच्या थेट कामाची आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी ७० वैद्यकीय विद्यार्थ्यांना मेंदूतली गाठ काढण्याच्या आभासी शस्त्रक्रियेचा सराव दिला. काहींना दूरवरून तज्ज्ञ शिक्षक सूचना देत होते, काहींना बुद्धिमान प्रणाली. २०२२ साली निकाल आला: प्रणालीकडे शिकलेले सरस ठरले. मथळे झळकले. पुढच्याच वर्षी त्याच गटाने आपलं काम पुन्हा तपासून सांगितलं की प्रणालीने शिकवलेल्यांचे हात सुरक्षित झाले होते, पण काही बाबतींत विनाकारण संथही. जे मोजून प्रणाली शाबासकी देत होती, तेवढंच ते सुधारत होते. आपल्या यशाची अशी उलटतपासणी स्वतः करणारे संशोधक विरळा.

आता चॅटबॉटचं युग आलंय, आणि ‘यात काय मोठं, चॅटजीपीटीला विचारलं की झालं’ असं विद्यार्थी सर्रास म्हणतात. तुर्कस्तानात शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणितात झालेला एक प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना साधा चॅटबॉट दिला, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ती ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी खाली गेली. उत्तर न देता फक्त पायरी सुचवणारा चॅटबॉट ज्यांना दिला होता, त्यांचं मात्र असं नुकसान दिसलं नाही. गणितात एक उत्तर चुकलं तर गुण जातात. इथे समोर विंचू चावलेलं पोर असतं आणि रेंज गेलेली असते.

आपल्या देशात या बाबतीत एक शहाणपणाचं पाऊल उदयपूरच्या ‘खुशी बेबी’ संस्थेने मायक्रोसॉफ्ट रिसर्चबरोबर टाकलं. त्यांचा ‘आशाबॉट’ व्हॉट्सअ‍ॅपवर आशाताईंच्या प्रश्नांना उत्तरं देतो, पण ठरवून दिलेल्या कागदपत्रांतूनच. त्याला उत्तर सापडलं नाही, तर तो थापा मारत नाही. प्रश्न अनुभवी एएनएमकडे जातो, आणि त्यांचं एकमत झालं की ते उत्तर आशाताईला मिळतं आणि बॉटच्या साठ्यातही जमा होतं. तो प्रश्नांची उत्तरं देणारा मदतनीस आहे, शिकवणी प्रणाली नव्हे. पण त्यातली युक्ती उचलण्याजोगी आहे: गावातल्या जाणत्या सिस्टरच्या डोक्यातलं शहाणपण यंत्रात उतरतं, आणि तिला त्यासाठी संगणक शिकावा लागत नाही.

पेण-रोह्यासाठी अशी शिकवणी करायची, तर परदेशी प्रणाली मराठीत उतरवून भागणार नाही. अमेरिकेतल्या केस बँकेत लाल विंचू नाही, फुरसं नाही. त्यात रुग्ण कधी “पोटात कालवतंय” किंवा “डोळ्यांपुढे अंधारी येते” म्हणत नाही. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, फारसं दुखत नाही, सूज नसते, सकाळी तो पोट दुखतंय म्हणत येतो आणि दुपारपर्यंत पापण्या उघडत नाहीत. ही केस इथल्या विद्यार्थ्याने गॅस्ट्रिक म्हणून एकदा तरी पडद्यावर चुकायलाच हवी. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असावीत, असा ‘मिलियन डेथ स्टडी’चा अंदाज आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलंय. ते साधायचं तर रुग्णाला सगळ्यांत आधी पाहणारा माणूस चुकता कामा नये, आणि तो बहुतेक वेळा विशेषज्ञ नसतो.

पडद्याला हातातलं मात्र कळत नाही. सर्पदंशात रक्त गोठतंय का, हे पाहायची वीस मिनिटांची साधी चाचणी आहे. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून पाहायचं. प्लास्टिकची नळी घेतली किंवा साबणाने धुतलेली घेतली, तर निकाल फसवा येतो. प्रणाली हे दहा वेळा विचारील आणि दहाही वेळा बरोबर उत्तर मिळेल. प्रत्यक्षात ड्रॉवरमध्ये काचेची नळीच नसते आणि सिस्टर हाताला लागेल ती उचलते. ते पाहायला तालुक्याच्या रुग्णालयातली जुनी माणसंच लागतात. म्हणून आठवड्यातला एखादा दिवस उपजिल्हा रुग्णालयात हातांनी काम आणि उरलेले दिवस फोनवर केसेस, अशी विभागणी बरी. फोनवरचं सगळं रेंजशिवाय चालायला हवं. डोंगरातल्या वाडीवर नेटवर्क शोधत खडकावर चढणाऱ्या कर्मचाऱ्याला गोल फिरणारं चाक दाखवून काही साधत नाही.

आणखी एक पथ्य. शिकवणी प्रणालीतल्या चुकांची यादी वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ लागली, तर तिचा दुसऱ्याच दिवशी जीव जातो. मग विद्यार्थी मैत्रिणीकडून उत्तरं घेऊन टिकमार्क करतात, आणि प्रणालीला वाटतं की रायगड जिल्ह्यात सगळेच हुशार झाले. चुकायला मोकळीक हवी. रुग्णावर चुकण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग महाविद्यालयांना एका छत्राखाली आणतं. केसेसची मराठी बँक करायची ठरवली, तर ती चालवण्याइतकं बळ त्याच्याकडे आहे. पण केसेस नाशिकला बसून लिहिता येणार नाहीत. त्या पेण, रोहा, महाड, सुधागडच्या ओपीडीतच आहेत, आणि ज्यांनी त्या पाहिल्या ते डॉक्टर, परिचारिका एकेक करून निवृत्त होताहेत. रायगडातल्या ज्येष्ठ डॉक्टरांना आणि सिस्टर मंडळींना म्हणूनच विनंती: येत्या पावसाळ्याआधी आपल्या आठवणीतल्या पाच-सहा केसेस साध्या मराठीत लिहून काढा. रुग्णाचं नाव, गाव गाळा. लक्षणं त्याच्याच शब्दांत राहू द्या. आपण काय केलं ते लिहा, आणि त्याखाली दोन गोष्टी आवर्जून लिहा: नवीन माणूस इथे कुठे चुकतो, आणि का.